चौकटीखालचे पाय

स्टुडिओत तिला सगळे चिमटेबाई म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कपडा कुठल्याही मापाचा येवो, तो घालणारी कुठल्याही अंगाची येवो, समोरून तो कातडीसारखा चिकटलेला दिसला पाहिजे, एवढंच तिचं काम. ती मागे उभी राहायची, पाठीवरचा जादा कपडा मुठीत धरून पिळायची आणि सुतार लाकडाला लावतात तसले मोठे, दातेरी जबड्यांचे चिमटे खटाखट लावत जायची. समोरून बघाल तर अप्सरा, मागून दोरीवरचं वाळवण. दिसतं तसं नसतं ही म्हण लहानपणी निबंधात लिहून तिने शाबासकी मिळवली होती; आता त्याच म्हणीवर तिचं घर चाललं होतं.

तिथली भाषाच खाटकाची होती. "कंबर काप." "छाती ओढ." "हात उडव, नुसता गळा ठेव." नवीन असताना ही वाक्यं ऐकून तिला जेवण जायचं नाही. कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली बाई, माणसाच्या मनाचे कप्पे पाठ केलेली, आणि काम काय तर मुलींची चामडी मागून आवळायची. पण मूल झालं, खर्च वाढला, आणि शिसारी हळूहळू अंगवळणी पडली. भिंतीवर मोठमोठी जुनी चित्रं होती. एक मुलगी चिकटपट्टीने खुर्चीला बांधलेली, जाहिरात जीन्सची. एकीच्या पाठीवर बुटाची टाच, जाहिरात त्या बुटाची. दोघींचे ओठ उघडे, डोळे अर्धे मिटलेले. आणि या वस्तू विकत घेणार कोण, तर त्याच वयाच्या मुली.

एक नियम मात्र तिने स्वतःपुरता केला होता. चेहऱ्याकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. चित्राची चौकट बहुधा कमरेच्या वरच संपते, त्यामुळे वर मुलगी राजकन्या असली तरी खाली न्हाणीघरातल्या सपाता नाहीतर अनवाणी पाय. चेहरा हुकमावर हसतो, पायांना ती अक्कल नसते. अंगठा आत वळला की समजावं टाचणी टोचतेय. टाचा उचलल्या की समजावं हिला मघापासून लघवीला जायचंय आणि विचारायला लाजतेय. प्रत्येक नव्या मुलीच्या कानात ती सांगायची, "दुखलं, गुदमरलं, नुसतं नको वाटलं तरी दोनदा पाय आपट. मी मागेच आहे." लाकडी खोक्यावर पाय आपटला की ठण ठण आवाज व्हायचा, आणि सर कितीही ओरडले तरी ती पुढे येऊन चिमटे सोडवायची. सर म्हणजे फोटो काढणारे, स्टुडिओचे मालक. ते म्हणायचे, "चिमटेबाई, तुम्ही माझे फोटो नासवता." पण तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून खपवून घ्यायचे.

त्या दिवशी काम होतं चोकरचं. गळ्याला घट्ट बसणारी धातूच्या तारेची पट्टी, कॉलेजच्या मुली घालतात तसली. जाहिरात कंपनीच्या मॅडमनी आधीच चित्र रेखाटून आणलं होतं. मुलीचा गळा, त्यावर चोकर, आणि मागून आलेला पुरुषाचा पंजा त्याच गळ्याभोवती. खाली ओळ: सुटायचंय कुणाला?

ठरलेली मॉडेल आली, तिने कागद बघितला, पर्स परत खांद्याला लावली. "गळ्याचं काम आहे म्हणालात. गळा दाबायचं म्हणाला नव्हतात." आणि गेली. तिची पाठ वळल्यावर मॅडम म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड झालेत या पोरींचे."

आणि नेमकी त्याच वेळी दारात बुटकी उभी.

बुटकी म्हणजे चिमटेबाईची नणंद. एकविसावं लागलेलं, कॉलेजचं शेवटचं वर्ष, उंची बेताची, म्हणून भावाने लहानपणी ठेवलेलं नाव अजून सुटलं नव्हतं. तिच्या कडेवर चिमटेबाईची तीन वर्षांची लेक, मुंगी. जमिनीवर पडलेली कुठलीही वस्तू तोंडात घालायची म्हणून मुंगी.

"वहिनी, तुझ्या लेकीने पाळणाघरात एकाला चावलंय," बुटकीने दारातूनच जाहीर केलं. "मला फोन आला, आत्ताच्या आत्ता घेऊन जा. त्याने हिचे केस ओढले म्हणे. मी म्हटलं, मग बरोबर आहे. आईवर गेलीय."

"आईवर नाही, आत्यावर," चिमटेबाई म्हणाली आणि लेकीला घ्यायला पुढे झाली. पण सर आधी पुढे आले होते. मांजर ताकाच्या भांड्याकडे बघतं तसे ते बुटकीच्या गळ्याकडे बघत होते.

"मान बघा, मॅडम. ही मान इतके दिवस होती कुठे?"

"ती माझी नणंद आहे, सर. मॉडेल नाही."

"नणंदेला मान नसते काय?"

सगळे हसले. बुटकी सगळ्यात मोठ्याने हसली. ते हसू चिमटेबाईच्या ओळखीचं होतं. घरी या पोरीच्या खणात असले तीन चोकर होते. आंघोळीनंतर ती श्वास रोखून, पोट आत ओढून आरशापुढे उभी राहायची, आणि स्वतःच्या अंगाला असं चिमटून बघायची की बाजारात शिळी भाजी परत करणारी बाईसुद्धा भाजीला इतकं वाईट वागवत नसेल. ही जाहिरात ज्या मुलीसाठी काढायची होती, ती दारात चालत आली होती.

तिने नणंदेला बाजूला घेतलं. "नाही म्हण."

"का?"

"चित्र बघितलंस?"

"बघितलं. नुसता हात तर ठेवायचाय. वहिनी, आयुष्यभर लोकांनी मला शिडी आणून दे म्हणून चिडवलंय. एकदा चौकात घरापेक्षा मोठी लागू दे ना मला."

"अगं, त्या चित्रातली बाई म्हणजे निम्मे चिमटे असतात. तुला माहितीय."

"मग लाव की. तू रोज दुसऱ्यांच्या मुलींना लावतेस ते चालतं. घरच्या मुलीची पाळी आली की तुझं मानसशास्त्र जागं होतं!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण ते खरं होतं. चिमटेबाई एवढंच म्हणाली, "हात नुसता टेकेल. दाबायचा नाही. सर, तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"टेकेल," सर म्हणाले. "आम्ही काय खुनी आहोत?"

पुरुषाचा हात ज्याचा घ्यायचा होता त्याला सगळे पंजा म्हणायचे. घड्याळं, पेनं, गाड्यांची चाकं, जिथे पुरुषाचा हात दिसेल तिथे याचा. घरातसुद्धा हातमोजे घालून वावरणारा, हळू बोलणारा माणूस. त्याने मोजे काढले, हातांना क्रीम चोळलं आणि बुटकीला म्हणाला, "थंड लागेल हं, सॉरी."

पंजा उंच, बुटकी बुटकी. तिला खोक्यावर उभं केलं तरी हात तिरका येत होता. चिमटेबाईने मुंगीला कोपऱ्यात बसवलं, तिथलीच स्पंजची जाड गादी आणली आणि खोक्यावर टाकली. उंचीही जमली, आणि अनवाणी पोरीचे पाय दुखायला नकोत, असाही विचार. मग टॉप मागून पिळला, तीन चिमटे लावले. चोकर सैल होता, गळ्यावरून हलत होता. मॅडम म्हणाल्या, "रुतल्यासारखा दिसू दे." तिने मानेमागे तार जुळवली, एक बोट आत जाईल एवढी जागा ठेवली आणि चौथा चिमटा लावला.

"दोनदा पाय आपट," ती कानात म्हणाली.

"माहितीय गं. तूच मला भीती घालतेस."

दिवे तापले. सरांनी गाणी मोठ्याने लावली. फोटो निघत होते, कॅमेऱ्यात न राहता तारेवाटे थेट संगणकात साठून मोठ्या पडद्यावर उतरत होते, आणि मॅडम प्रत्येकाला नाक मुरडत होत्या. "भीती कुठेय? हिला मजा वाटतेय. मला भीती पण हवी आणि हवंहवंसंही हवं."

"ओठ उघड," सर ओरडले. "मान टाक. अजून. हे काय, बाजारातला मासा आहेस का?"

बुटकीच्या पायांची बोटं गादीत रुतली. चिमटेबाईने ते टिपलं. भीती नव्हे, अपमान. एवढ्यात सर पंजाजवळ गेले आणि त्याच्या कानात काहीतरी बोलले. तेही तिने बघितलं. हात वळवायला सांगत असतील, असं तिला वाटलं.

आणि तेव्हाच टाचण्यांचा डबा पडला.

कोपऱ्यातल्या टेबलाखाली मुंगी बसली होती. आजूबाजूला टाचण्यांचा सडा, आणि पोरीचे गाल हलत होते. चिमटेबाईने झडप घालून लेकीला मांडीत दाबलं. "तोंड उघड. उघड म्हणते ना!" दात घट्ट. तिने दोन बोटं गालातून आत खुपसली, जिभेखाली फिरवली. पोर चावली. बोटातून रक्त आलं तरी तिने बोट काढलं नाही. टाळू, हिरड्या, पुन्हा जिभेखाली. एक गुंडी निघाली. नुसती गुंडी.

"आई, आत्या नाचते," मुंगी थुंकत म्हणाली.

"गप्प. अजून काही गिळलंस?"

"आत्याचे पाय नाचतात."

ती टेबलाखाली गुडघ्यांवर होती, लेकीच्या उंचीवर. तिथून तिला चेहरा दिसला नाही, पंजा दिसला नाही. फक्त पाय दिसले. दोन्ही टाचा गादीवर धाड धाड आपटत होत्या, आणि आवाज अजिबात येत नव्हता. दोनदा नव्हे, वीसदा. स्पंज प्रत्येक वार गिळत होता. मग एक पाय मागे सुटला आणि पंजाच्या नडगीवर बसला. दुसरा गादीवरून घसरला, हवेत लोंबला. गादी ओली झाली होती. वर फ्लॅशचे दिवे फटाफट उडत होते.

"सोड!"

ती कशी पोचली हे तिला नंतर कधीही आठवलं नाही. बुटकीचा चेहरा काळानिळा, डोळ्यांचं पांढरं लाल, आणि अख्खं अंग त्या एका हातावर टांगलेलं. चिमटेबाईने पंजाची बोटं ओढली, नखं रुतवली, पण क्रीममुळे तिचेच हात निसटत होते.

"सोड तिला!"

"सर म्हणाले, ती लाथ मारेल पण सोडू नको," तो तितक्याच हळू आवाजात म्हणाला. "ॲक्टिंग आहे."

शेजारीच कपडे सरळ करायचं वाफेचं यंत्र फुसफुसत होतं. तिने त्याची नळी उचलली, तोंड त्याच्या मनगटावर टेकवलं आणि दाबून धरलं. कातडी पांढरी पडली, मग फुगली, मग फाटली. पंजाने जनावरासारखी किंकाळी फोडली. हात सुटला. बुटकी खोक्याच्या कडेवर हनुवटी आपटत खाली कोसळली.

आणि तरीही तिला श्वास घेता येईना.

कारण आता तिचा गळा पंजा दाबत नव्हता. दाबत होता तो चौथा चिमटा. तो मानेमागे गरकन फिरला होता, तारेने पीळ घेतला होता, जबड्यात केस अडकले होते. बोटभर जागा उरली नव्हती. चिमटेबाईने तो दाबला. बोटं रक्ताने आणि क्रीमने बुळबुळीत, स्प्रिंग हलेना. रोज शेकडो वेळा एका हाताने उघडणारी ती बाई दोन हातांनी उघडू शकेना. शेवटी तिने नणंदेच्या पाठीवर गुडघा रोवला, चिमट्याची दांडी दाढांत धरली आणि चावली. दाढेचा टवका उडाला. चिमटा उघडला. केसांचा पुंजका आणि कातडीचा तुकडा त्याच्यासोबत आला.

बुटकीने श्वास घेतला, आणि तो आवाज फाटक्या भात्यासारखा होता.

"मागे घ्या," तिच्या पाठीमागून मॅडम म्हणत होत्या. "अजून एक मागे. हाच! हाच तो."

चिमटेबाईने मान वळवली. पोरगी जमिनीवर रक्त ओकत होती आणि सर नि मॅडम पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे होते. पंजा बादलीत हात घालून कण्हत होता.

"बघा, डोळे बघा," सर म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, पण घाबरून नव्हे. "असं चित्र दहा वर्षांत एकदा मिळतं. चिमटेबाई, तिला पाणी द्या, डॉक्टरकडे न्या, खर्च माझा. पण हे चौकाचौकात लागणार."

"हे लागणार नाही," चिमटेबाई म्हणाली.

"ते तुम्ही ठरवणार? तिला विचारा."

बुटकी उठली होती. भिंतीला धरून, पाय ओढत ती पडद्यापाशी आली. चिमटेबाई आधार द्यायला धावली तर तिने हात झटकला. पडद्यावर तिचाच चेहरा होता, घराच्या दारापेक्षा मोठा. ओठ उघडे, डोळे वर गेलेले, गळ्यावर चोकर चमचमतोय. घाम तुषारांसारखा. बुटकी बघत राहिली. मग तिच्या फाटलेल्या गळ्यातून खरखर आली.

"वहिनी... मी इतकी... छान दिसते?"

पंजाच्या किंकाळीने जे झालं नव्हतं ते या प्रश्नाने झालं. चिमटेबाईला नणंदेच्या तोंडात मारावीशी वाटली, आणि तिला पोटाशी धरून रडावंसंही वाटलं. सर हसले. "ऐका! आता बोला."

चिमटेबाईला एवढंच माहीत होतं की कॅमेरा चौकटीपेक्षा जास्त बघतो. खालचा भाग सर पडद्यावर झाकून ठेवायचे, मॅडमना पसारा दिसू नये म्हणून. तिने पुढे होऊन एक कळ दाबली. झाकण गेलं. चित्र लहान झालं आणि पूर्ण झालं.

"चेहरा नको बघू," ती म्हणाली. "पाय बघ."

चौकटीखाली पाय होते. एक हवेत, एक गादीवरून सुटलेला, बोटं फाकलेली. मांडीवरून ओघळलेली धार, गादीवर काळपट डाग. पिळवटलेल्या अंगामागून डोकावणारे चिमटे. आणि अगदी कोपऱ्यात, टेबलाखालून, एक छोटं बोट त्या पायांकडे दाखवणारं.

बुटकीने खाली, स्वतःच्या ओल्या पायांकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा पायांकडे. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते चित्रात घेण्यासारखं नव्हतं.

दिव्याचा खांब पडू नये म्हणून त्याच्या बुडाशी लोखंडी वजन ठेवलेलं असतं. बुटकीने ते दोन्ही हातांनी उचललं.

"ए! ए पोरी!" सरांनी तिचे केस धरले आणि मागे हिसडले. जखमेतून रक्ताची चिळकांडी उडाली. चिमटेबाईच्या हातात अजून तो चौथा चिमटा होता. तिने तो सरांच्या कानाच्या पाळीवर लावला आणि सोडला. जबडे बसले. सर वाकडे झाले, केस सुटले. त्यांनी कानाकडे हात नेला तेव्हा खिशातला दुसरा चिमटा तिने त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात लावला. "दुखतंय?" ती म्हणाली. "दोनदा पाय आपटा."

बुटकीने वजन पडद्यावर घातलं. काच फुटली, चित्र विझलं. पण चित्र पडद्यात नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. तिने खालची संगणकाची पेटी ओढून जमिनीवर पाडली आणि तिच्यावर वजन घालायला सुरुवात केली. प्रत्येक घावाला तिच्या तोंडून तोच फाटक्या भात्याचा आवाज निघत होता. पत्रा चेपला, उघडला, आतल्या चकत्या बाहेर आल्या. तिने त्या चकत्याही सोडल्या नाहीत. चिमटेबाईने वाफेच्या यंत्राची टाकी काढली आणि उकळतं पाणी वर ओतलं. धूर निघाला, तार जळल्याचा वास आला, आणि गाणीही बंद पडली.

शांततेत फक्त मुंगीचं रडणं उरलं.

मॅडमनी मोबाइल अर्धा वर उचलला होता. चिमटेबाईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मोबाइल खाली गेला.

"पोलिसांना बोलावतो," सर जमिनीवर बसूनच म्हणाले. कानातून रक्त गळत होतं. "लाखोंचं नुकसान केलंत तुम्ही."

"बोलवा," चिमटेबाई म्हणाली. "गळा इथेच आहे. ह्याच्या बोटांचे ठसे त्यावर आहेत आणि माझ्या चिमट्याचाही आहे. मी दोन्ही दाखवीन."

पंजाने बादलीवरून मान वर केली. "मला सांगितलं म्हणून केलं," तो म्हणाला.

तिने मुंगीला कडेवर घेतलं, नणंदेच्या गळ्याला ओला टॉवेल गुंडाळला आणि दार उघडलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. बाहेर लोखंडी जिना, ऊन, खाली रस्त्यावर नेहमीची रहदारी. समोरच्या इमारतीवर कसलीशी जाहिरात होती. तिने मान वर केली नाही. नोकरी गेली, नवऱ्याला काय सांगायचं, पोलीस खरंच आले तर मुंगीला कुणाकडे ठेवायचं, सगळं डोक्यात एकदम भणभणत होतं. ती भराभर पायऱ्या उतरत होती.

मागून आवाज आला. ठण. ठण.

ती जागच्या जागी थांबली. वळली. बुटकी दोन पायऱ्या वर उभी होती, कठडा धरून. बोलता येत नव्हतं. तिने हाताने पाठीकडे दाखवलं.

टॉपचे तीन चिमटे अजून तसेच होते. सगळ्या झटापटीत दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. चिमटेबाई वर गेली आणि एकेक काढू लागली. पहिला, दुसरा, तिसरा. त्यांच्याखाली पाठीवर लाल, दातेरी वळ उठले होते. पिळलेला कपडा सुटला, पसरला, आणि तो दिमाखदार टॉप पोत्यासारखा तिच्या अंगावर लोंबू लागला. बुटकीने खांदे खाली टाकले. तिसऱ्या चिमट्यानंतर तिने जो श्वास घेतला तो पहिल्यापेक्षा थोडा कमी फाटलेला होता.

"चल," चिमटेबाई म्हणाली. "हळूहळू चल."

मुंगी कडेवरून खाली घसरली. जिन्याच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने आपला इवलासा पाय दोनदा आपटला. ठण. ठण.

चिमटेबाई दचकून खाली बसली, लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "काय झालं? काय दुखतंय?"

"काही नाही," मुंगी म्हणाली. "बघत होते, थांबतेस का."